जग खरे वाटेनासे होते तेव्हा : चिंता आणि डिसोसिएशन यांच्या संबंधाचा एक प्रकरण अभ्यास

येथे मांडलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. चिंतेच्या आजारात वारंवार दिसणारी लक्षणे, त्यांचा क्रम आणि उपचारांतील टप्पे एकाच व्यक्तीच्या हकिकतीत गुंफून ते अभ्यासासाठी रचले आहे. हाच विषय निवडण्याचे कारण असे की, डिसोसिएशन, म्हणजे जाणीव, स्मृती किंवा भावना एकमेकींपासून तुटणे, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व किंवा संपूर्ण विस्मृती येते, आणि त्यामुळे या अनुभवाचा खूपच अधिक आढळणारा प्रकार, म्हणजे स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखे वाटणे, ओळखलाच जात नाही. ज्याला तो येतो तो माणूस आपल्याला वेड लागत आहे या भीतीने गप्प राहतो किंवा मेंदूच्या तपासण्या करत फिरतो, आणि मुळाशी असलेली चिंता दोन्ही वाटांवर नजरेआड राहते.

तक्रार

हिशेब तपासणीच्या कामात असलेली २६ वर्षांची तरुणी मानसोपचारतज्ज्ञांकडे आली, तेव्हा तिची तक्रार चिंतेची नव्हतीच. "मी इथे बसलेय हे मला कळतंय, पण मी इथे असल्यासारखं वाटत नाही," असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले. स्वतःचा आवाज ऐकताना दुसरेच कोणी बोलत असल्यासारखे वाटते. कळफलकावर बोटे चालताना दिसतात, पण ती आपण चालवत आहोत ही जाणीव नसते. आईचा चेहरा ओळखीचा असतो, मात्र तो पाहून आतून जे हलायला हवे ते हलत नाही. खोली सपाट, रंगवलेल्या पडद्यासारखी दिसते. हे आठ महिने चालू होते. कामात चुका होत नव्हत्या, ती कोणाशी विचित्र वागत नव्हती, त्यामुळे घरी आणि कार्यालयात कोणाच्याही लक्षात काही आले नव्हते.

या कथनातील एक गोष्ट निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती. जग खरोखरच खोटे झाले आहे किंवा आपल्या जागी कोणी दुसरेच आले आहे, असे ती एकदाही म्हणाली नाही. तसे वाटते आणि ते खरे नाही हेही कळते, म्हणूनच ते इतके भयानक आहे, हे तिचे म्हणणे होते. वास्तवाचे भान असे शाबूत असणे हा या अनुभवाचा गाभा आहे आणि सायकोसिसपासून, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या मनोविकारापासून, त्याला वेगळे करणारी सर्वांत भरवशाची खूणही. स्वतःपासून तुटल्याच्या जाणिवेला डीपर्सनलायझेशन आणि भोवताल अवास्तव वाटण्याला डीरिअलायझेशन म्हणतात. या तरुणीप्रमाणे अनेकांमध्ये दोन्ही एकत्र असतात, आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांतही त्यांची गणना एकाच विकारात केली आहे.

सुरुवात कशी झाली

कामाचा ताण वाढलेल्या काही आठवड्यांत तिची झोप चार-पाच तासांवर आली होती आणि ती कॉफीवर दिवस काढत होती. वरिष्ठांपुढे अहवाल मांडण्यासाठी उभी राहिली असताना तिची छाती धडधडू लागली, श्वास पुरेनासा झाला, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या आल्या, आणि मग एकाएकी सगळे दूर गेले. धडधड अर्ध्या तासात ओसरली. दूर गेलेले जग मात्र संध्याकाळपर्यंत जवळ आले नाही.

हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत पॅनिक अटॅकची जी १३ लक्षणे दिली आहेत, त्यांत धडधड, घाम, कापरे यांच्याबरोबर अवास्तवतेची किंवा स्वतःपासून तुटल्याची जाणीव हेही एक लक्षण आहे. म्हणजे त्या दिवशी घडले ते असामान्य नव्हते. अशी क्षणिक जाणीव सुमारे निम्म्या प्रौढांना आयुष्यात केव्हातरी येऊन जाते, असे तीच पुस्तिका नोंदवते; जागरण, तीव्र ताण, प्रवासाचा थकवा, ताप यांत ती येते आणि आपोआप जाते. आजार म्हणून ती टिकून राहण्याचे प्रमाण मात्र साधारण २ टक्क्यांच्या आसपास आहे. या तरुणीचा प्रश्न त्यामुळे असा होता की, जी गोष्ट इतरांच्या बाबतीत येऊन जाते ती तिच्या बाबतीत मुक्कामाला का राहिली.

उत्तराचा धागा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सापडला. "डोळे उघडले आणि पहिल्यांदा हेच बघितलं की ते अजून आहे का," ती म्हणाली. "आणि होतं."

आधी काय काय तपासले

निदान घाईने चिंतेवर ढकलणे योग्य नव्हते. टेम्पोरल लोब एपिलेप्सी (मेंदूच्या बाजूच्या भागातून उद्भवणारा अपस्मार), मायग्रेन, अंतर्कर्णातील संतुलनाचे बिघाड आणि गांजासारखे पदार्थ यांमुळेही हाच अनुभव येऊ शकतो, आणि रक्तातील साखर उतरली किंवा थायरॉइडचे काम बिघडले तरी त्याच्यासारखी लक्षणे दिसतात. म्हणून अनुभव काही सेकंदांच्या ठरावीक झटक्यांत येतो का, त्याआधी विचित्र वास किंवा पोटातून वर चढणारी संवेदना जाणवते का, मध्ये शुद्ध हरपते का, नंतर गोंधळ राहतो का, हे नेमके विचारले गेले. सर्व उत्तरे नकारार्थी होती, तिने कोणताही अमली पदार्थ घेतला नव्हता, शारीरिक तपासणी आणि रक्ताचे अहवाल सामान्य होते. वयही सूचक होते. हा विकार बहुतांशी किशोरवयात सुरू होतो, सुरुवातीचे सरासरी वय १६ मानले जाते, आणि चाळिशीनंतर तो प्रथमच उद्भवला तर मेंदूचा किंवा शरीराचा आजार अधिक कसून शोधावा लागतो. २६ व्या वर्षी पहिली सुरुवात थोडी उशिराची ठरली असती. पण खोदून विचारल्यावर तिला आठवले की पंधराव्या वर्षी परीक्षेच्या काळात दोन आठवडे "सगळं धुक्यात" होते आणि निकालानंतर ते कधी गेले हे कळलेही नाही.

आघाताचा इतिहास विचारणे या टप्प्यावर आवश्यक असते, आणि ते विचारताना संयमही हवा. अत्याचार, अपघात किंवा हिंसेनंतरच्या आघातोत्तर ताण विकाराचा डिसोसिएशन असलेला एक उपप्रकार २०१३ पासून स्वतंत्रपणे नोंदवला जातो, आणि त्याच्या उपचारांचा क्रम वेगळा असतो. तरीही डिसोसिएशन आहे म्हणजे कुठेतरी दडपलेला भीषण प्रसंग असणारच, हे गृहीतक धोक्याचे आहे. त्यामुळे रुग्ण नसलेल्या आठवणी शोधू लागतो आणि त्याची चिंता आणखी वाढते. या तरुणीच्या बालपणात तसा प्रसंग नव्हता. चुकीला जागा नसलेले, सतत गुणांची तुलना करणारे वातावरण होते, आणि त्याचा संबंध पुढे आला. स्मृतीत पोकळ्या पडणे, अनोळखी ठिकाणी भानावर येणे, आपल्याला न आठवणारी कृत्ये आपणच केल्याचे पुरावे सापडणे, यांपैकीही काही नव्हते. "हे असंच राहणार असेल तर जगून काय करायचं," असा विचार दोनदा येऊन गेल्याचे तिने स्पष्ट विचारल्यावर सांगितले. कृतीचा हेतू किंवा बेत नव्हता, तरी तो प्रश्न नंतरच्या प्रत्येक भेटीत पुन्हा विचारला गेला. संथ, भावशून्य चेहऱ्याने बोलणाऱ्या माणसाच्या आत किती यातना आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तो विचारावाच लागतो.

अवास्तवतेची जाणीव फक्त पॅनिक अटॅकपुरती असेल तर ती त्याचा भाग मानली जाते आणि वेगळे निदान केले जात नाही. येथे ती दोन अटॅकच्या मधल्या काळातही दिवसच्या दिवस राहत होती. त्यामुळे पॅनिक डिसऑर्डर (पॅनिक अटॅक वारंवार येण्याचा आजार) आणि डीपर्सनलायझेशन-डीरिअलायझेशन विकार अशी दोन्ही निदाने नोंदवण्यात आली.

चिंता आणि तुटलेपण यांचे नाते

हे नाते नव्याने लक्षात आलेले नाही. मोरिस क्रिशाबेर या वैद्याने १८७३ मध्ये ३८ रुग्णांचे वर्णन केले, त्यांत चिंता, थकवा आणि अवास्तवतेची जाणीव एकत्र दिसत होती. पिएर जाने यांनी १८८९ मध्ये मनातील प्रक्रिया एकमेकींपासून सुट्या होण्याची कल्पना मांडली, आणि १९५९ मध्ये मार्टिन रॉथ यांनी भीती, चिंता आणि डीपर्सनलायझेशन यांचा एकत्रित लक्षणसमूह वर्णन केला. तरी रुग्णाला आजही या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, आणि ते स्वाभाविक आहे. चिंतेत सगळे अति जाणवते. तुटलेपणात काहीच जाणवत नाही. "मला भीती वाटत असती तर मी समजू शकले असते, पण मला काहीच वाटत नाही," हे या तरुणीचे म्हणणे होते.

धोका टाळता येत नाही आणि पळताही येत नाही, अशा वेळी मेंदू भावनेची तीव्रता खाली आणतो, असे मानण्यास चांगला आधार आहे. रसेल नॉइस आणि रॉय क्लेटी यांनी १९७० च्या दशकात जीवघेण्या अपघातांतून वाचलेल्या लोकांची कथने गोळा केली. त्यांपैकी अनेकांनी त्या क्षणी भीती नाहीशी होणे, आपण स्वतःला बाहेरून पाहत असणे, सभोवताल अवास्तव होणे असे अनुभव सांगितले. सिएरा आणि बेरिओस यांनी १९९८ मध्ये यामागची यंत्रणा सुचवली. चिंता एका पातळीपलीकडे गेली की मेंदूच्या पुढच्या भागातील नियंत्रक केंद्रे अमिग्डालासारख्या भावनिक केंद्रांना दाबतात. सजगता शिल्लक राहते, भावनेचा रंग मात्र उडतो. ही मांडणी अजून प्रतिमानच आहे, पण प्रयोगांतून तिला पाठबळ मिळते. या विकाराच्या रुग्णांना अप्रिय चित्रे दाखवली असता त्यांच्या त्वचेचा विद्युत प्रतिसाद निरोगी व्यक्तींपेक्षा कमी आढळला आहे. "काहीच वाटत नाही" ही तक्रार म्हणजे निव्वळ बोलण्याची पद्धत नव्हे, शरीरही तेच सांगते.

त्यात श्वासाचा भाग वेगळा. घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त आणि जलद श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि हलके डोके, मुंग्या, दृष्टी बदलल्याचा भास आणि अवास्तवता एकाच वेळी निर्माण होतात. त्या अहवालाच्या दिवशी घडलेल्या गोष्टींचा मोठा भाग एवढ्यावरच उलगडतो.

तुटलेपण का आले, याचे उत्तर इथवर मिळते. ते का राहिले, याचे उत्तर वेगळे आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट तीच आहे. एलेन हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशी मांडणी केली की क्षणिक अवास्तवतेचा अर्थ माणूस कसा लावतो, यावर तिचा मुक्काम ठरतो. "झोप झाली नाही म्हणून असं होतंय" असे समजणारा माणूस कामाला लागतो. "माझा मेंदू बिघडतोय" असे समजणारा माणूस घाबरतो, घाबरल्याने चिंता वाढते, चिंता वाढल्याने तुटलेपण वाढते, आणि वाढलेले तुटलेपण त्याच्या भीतीला पुरावा पुरवते. चिंतेपासून वाचवायला आलेली गोष्टच आता चिंतेचा विषय झालेली असते.

नोंदवहीतील एक दिवस

दुसऱ्या भेटीनंतर तिला एक साधी नोंद ठेवण्यास सांगितले होते: अवास्तवतेची तीव्रता किती आहे एवढेच न लिहिता, ती पडताळून पाहण्यासाठी तुम्ही काय करता तेही लिहा. एका कामाच्या दिवसाच्या पानावर पुढील गोष्टी होत्या. उठल्याबरोबर छताकडे पाहून ते "खरे" वाटते का ते पाहिले. दात घासताना आरशात स्वतःच्या डोळ्यांत रोखून पाहिले, चेहरा परका वाटला. बसमध्ये अंगठ्याचे नख तर्जनीत रुतवून दुखते का ते तपासले; तर्जनीच्या त्या जागी बारीक घट्टा पडला होता. कार्यालयात पाठवलेले संदेश पुन्हा वाचून ते आपणच लिहिले आहेत असे वाटते का ते पाहिले. दुपारी मोठ्या बहिणीला फोन केला: "ताई, मी नेहमीसारखीच बोलतेय ना?" बहीण म्हणाली, "अगं हो, नेहमीसारखीच बोलतेयस." बरे वाटले, पुढच्या रकान्यात लिहिले होते, "पाच मिनिटं." रात्री दोन तास इंटरनेटवर लक्षणे वाचली आणि ज्यांना हा त्रास वर्षानुवर्षे आहे अशांची कथने शोधली.

दुखऱ्या दाताकडे जीभ पुन्हा पुन्हा जावी तसे हे होते, फक्त येथे जिभेच्या जाण्यानेच दाताचे दुखणे निर्माण होत होते. निरोगी माणसानेही मंद उजेडात आरशातील स्वतःच्या चेहऱ्याकडे किंवा भिंतीवरील एका बिंदूकडे काही मिनिटे टक लावून पाहिले, तर चेहरा परका होतो आणि भोवताल विचित्र दिसू लागतो. हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. आपण खरे वाटतो की नाही असे सतत पाहत राहणाऱ्या कोणालाही खरे वाटणार नाही, कारण आपलेपणाची जाणीव लक्ष दुसरीकडे असतानाच पार्श्वभूमीला असते आणि तिच्यावर प्रकाश टाकताच ती निसटते.

उपचार

तिसऱ्या भेटीत वरील सर्व स्पष्टीकरण कागदावर वर्तुळ काढून तिच्यापुढे मांडण्यात आले, आणि वर्तुळातील रिकाम्या जागा तिने स्वतः भरल्या. "म्हणजे मला वेड लागत नाहीये?" तिने विचारले. "नाही. तुम्ही खूप घाबरलेल्या आहात आणि तुमचा मेंदू त्यावर त्याच्या परीने उपाय करतोय," हे उत्तर तिला त्या दिवशी एकदा देण्यात आले. पुढे हाच प्रश्न रूप बदलून आला तेव्हा मात्र तो दिलासा मागण्याचाच प्रकार आहे हे तिच्या लक्षात आणून दिले गेले. बहिणीलाही एका भेटीला बोलावले. तिने ठरवून घेतलेले वाक्य असे होते: "याचं उत्तर आता मी देणार नाही. तू आज काय केलंस ते सांग." सुरुवातीला दोघींनाही हे निष्ठुर वाटले.

पडताळणी कमी करणे हा उपचाराचा कणा होता. आरसा गरजेपुरता, रात्री लक्षणांचे वाचन बंद, नख रुतवणे बंद, आणि टाळलेल्या गोष्टींकडे परत जाणे: सभा, गर्दीची दुकाने, तेजस्वी दिव्यांच्या जागा. त्याच्या जोडीला झोपेची वेळ नियमित केली, कॉफी कमी केली, आणि घबराटीत श्वास संथ ठेवण्याचा सराव झाला. नंतरच्या टप्प्यात अवास्तवता मुद्दाम निर्माण करण्यात आली: उपचारकाच्या खोलीत बिंदूकडे टक लावून पाहणे, एक मिनिट जलद श्वास घेणे, फिरत्या खुर्चीवर गोल फिरणे, आणि मग जे वाटते ते दूर करण्याचा प्रयत्न न करता समोरच्या उताऱ्यातील चुका शोधत बसणे. जी गोष्ट आठ महिने आपल्यावर कोसळत होती ती आपण हवी तेव्हा आणू शकतो आणि ती आपोआप उतरते, हे तिने पाहिले. माझ्या मते भीतीला तडा गेला तो इथे.

ग्राउंडिंगच्या व्यायामांबद्दल स्वतंत्र बोलणे भाग आहे, कारण या त्रासात सर्वत्र तेच सुचवले जातात. पाच दिसणाऱ्या वस्तू मोजणे, थंड पाणी हाताळणे, पाय जमिनीवर दाबणे हे तीव्र डिसोसिएशनमध्ये, विशेषतः आघाताच्या आठवणींत माणूस वाहून जात असताना, खरोखर उपयोगी पडते. परंतु या तरुणीने ते आधीच इंटरनेटवरून शिकून घेतले होते आणि प्रत्येक व्यायामानंतर "आता खरं वाटतंय का?" असे पाहत होती. व्यायाम पडताळणीचे साधन झाला होता. म्हणून तो वर्तमानातील कामाकडे परत वळण्यापुरता ठेवला आणि नंतर तपासून पाहणे वगळले. ज्या उपचारकांकडे हे व्यायाम सरसकट दिले जातात, त्यांनी रुग्ण त्यांचा उपयोग कशासाठी करतो हे अवश्य विचारावे.

औषधांचा प्रश्न पहिल्या महिन्यातच आला. डीपर्सनलायझेशनवर खात्रीने काम करणारे औषध उपलब्ध नाही. लॅमोट्रिजिन (अपस्मारावरील औषध) आणि फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरील औषध) यांच्या २००३ आणि २००४ मधील नियंत्रित चाचण्यांत ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली नाहीत. पॅनिक डिसऑर्डरवर मात्र एसएसआरआय गटातील (मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) औषधांचा उपयोग सिद्ध आहे, म्हणून त्या कारणासाठी कमी मात्रेत एक औषध सुरू केले. हे औषध घबराटीसाठी आहे, अवास्तवता लगेच गेली नाही तर ते निकामी समजू नका, असे तिला आधीच सांगितले होते.

भावना परतताना

तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली जी आधी सांगून ठेवली नाही तर उपचार मोडू शकतात. अवास्तवता कमी होऊ लागली आणि चिंता वाढली. दाबून ठेवलेली भावना दाब सैल होताच वर येते. ती एका सभेनंतर स्वच्छतागृहात जाऊन रडली, रात्री घरी भावाच्या एका शब्दावरून चिडली, आणि आपली प्रकृती बिघडली असे समजून पुढची भेट रद्द करण्याच्या बेतात होती. ही पीछेहाट नव्हती. कितीतरी महिन्यांत प्रथमच ती चिडू शकली होती.

त्यानंतरच्या भेटींत डिसोसिएशन हा विषय मागे पडला आणि खरी चिंता समोर आली. चूक झाली तर लोक आपल्याला सोडून देतील ही तिची जुनी, कधीही न बोललेली समजूत होती, आणि वरिष्ठांपुढे उभे राहण्याची ती वेळ म्हणजे त्या समजुतीची परीक्षा होती. अहवालात एक किरकोळ चूक मुद्दाम ठेवून तो सादर करणे, हा तिने स्वतः सुचवलेला प्रयोग होता. सहकाऱ्याने चूक दाखवली, तिने ती दुरुस्त केली, आणि चर्चा पुढच्या मुद्द्याकडे गेली. अशा प्रयोगांवर उरलेला बराच काळ गेला. त्यांच्याशिवाय केवळ अवास्तवतेवर उपचार थांबले असते तर पुढच्या मोठ्या ताणात ती परत येण्याची शक्यता बरीच होती.

उपचार सुरू झाल्यापासून दहाव्या महिन्यात भेटी तिमाहीवर आणल्या, तेव्हा पॅनिक अटॅक थांबले होते. अवास्तवता पूर्णपणे गेली नव्हती: जागरणानंतर किंवा तापात ती काही तास येत असे, आणि एकदा ती येऊन गेल्याचे तिला दुसऱ्या दिवशी आठवले. औषध आणखी काही महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचे ठरले. परत तीव्र त्रास झाला तर आधी झोप आणि कामाचा भार पाहायचा, पडताळणी सुरू झाली आहे का ते नोंदवायचे, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर भेट घ्यायची, असे लेखी ठरवले. शुद्ध हरपणे, स्मृतीत पोकळी पडणे, ठरावीक झटक्यांत अनुभव येणे किंवा जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र दोन आठवडे न थांबता त्याच दिवशी संपर्क साधायचा, ही ओळ त्या कागदावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली.